चाकांवरच्या घराचा विमा

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा राहता ट्रेलर जळला तेव्हा मी कॅम्पग्राउंडच्या लाँड्रीत कपडे धूत होते. ओल्या चादरींची टोपली घेऊन बाहेर आले तर झाडांच्या वर धूर दिसला. आधी वाटलं, कुणीतरी पाला पेटवलाय. मग लोक धावताना दिसले.

म्हातारा आत नव्हता, गावात पोस्टात गेला होता. तो परत आला तोवर फायर ब्रिगेडची माणसं पाइप गुंडाळायला लागली होती. पिकअपमधून उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. माझे मिस्टर जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. ट्रेलरची फक्त लोखंडी चौकट उरली होती आणि तिच्यावर काळं पाणी ठिबकत होतं.

थंडीत नळाचं पाणी गोठू नये म्हणून सगळेच आपापल्या पाइपांना विजेवर तापणारी पट्टी गुंडाळत. त्याची पट्टी जुनी होती, तिथूनच पेटलं. आमच्याही पाइपाला तसलीच पट्टी होती. ह्यांनी घरी येऊन पहिली ती काढली आणि दुसऱ्या दिवशी नवी आणून लावली.

आम्ही त्या कॅम्पग्राउंडवर राहत होतो ते हौसेनं नव्हे. हे साठच्या दशकात अमेरिकेत आले, मागून मी. शिकागोजवळच्या एका कंपनीत हे वीजकेंद्रांच्या पाइपांची डिझाइनं करायचे. शॉमबर्गला आमचं घर होतं, मागे छोटं अंगण होतं, मुलगी तिथेच मोठी झाली. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अणुवीजकेंद्रांची कामं एकामागून एक रद्द व्हायला लागली. ह्यांच्या ऑफिसातल्या खोल्या रिकाम्या होत गेल्या आणि एक दिवस ह्यांचीही झाली. दुसरी कायमची नोकरी काही मिळेना. मिळायचं ते कंत्राटी काम, आज ह्या राज्यात, सहा महिन्यांनी त्या. घराचे हप्ते काही झेपेनात. शेवटी घर सोडलं आणि एका रिटायर झालेल्या जोडप्याकडून वापरलेली मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेतली. जिथे काम तिथे गाडी उभी करायची, असं ठरलं. ओळखीच्यांना आम्ही सांगितलं, "जरा अमेरिका बघून घेतोय."

ओहायो नदीच्या काठी एका वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे ह्यांना काम मिळालं आणि आम्ही त्या कॅम्पग्राउंडवर येऊन थांबलो. गाडीत जेवायच्या टेबलाचा रात्री पलंग व्हायचा. देव गॅसच्या वरच्या कपाटात, कपबशांच्या शेजारी. फोडणी दिली की मोहरीचा वास उशांना आठवडाभर यायचा. मी गावातल्या ड्राय क्लीनरकडे पँटी आखूड करण्याचं, चेन बदलण्याचं काम धरलं. माझं शिवणाचं मशीन तेवढं मी शॉमबर्गहून हट्टानं बरोबर आणलं होतं.

आगीनंतर म्हातारा कॅम्पग्राउंडच्या मालकाकडे राहिला. इन्शुरन्सचा माणूस येऊन गेला त्या दुपारी तो आमच्याकडे चहाला आला. दोन्ही हातांनी कप धरून म्हणाला, "त्यानं मला विचारलं, तुम्ही कुठे राहता? मी म्हटलं, इथेच. चार वर्षं झाली. त्यावर तो म्हणाला, मग तुमची पॉलिसी चालणार नाही. ती सुट्टीत फिरायला जाण्यासाठी आहे, राहण्यासाठी नाही."

"काहीच देणार नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"काहीच नाही." मग तो माझ्याकडे वळला. "मी खोटं सांगायला हवं होतं का?"

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. पुढच्या आठवड्यात तो केंटकीत बहिणीकडे गेला. जाताना मी त्याला चपात्या करून दिल्या, त्या त्यानं नको नको म्हणत घेतल्या.

आमची पॉलिसी अगदी त्याच्यासारखीच होती. गाडी घेतली तेव्हा शिकागोकडच्या एजंटनं विचारलं होतं, सुट्टीसाठी का? आणि हे हो म्हणाले होते. त्यात खोटं काही नव्हतं. ह्यांना तेव्हा खरंच वाटत होतं की चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

म्हातारा गेल्यावर मी विषय काढला. "अहो, आपलं पण त्याच्यासारखंच आहे. बदलून घेऊया."

"आपण काही इथे राहत नाही," हे म्हणाले. "कामासाठी थांबलोय."

"मग राहतो कुठे?"

हे उठले, जाकीट घातलं आणि पाण्याचा पाइप बघायला बाहेर गेले. पाइप त्यांनी सकाळीच बघितला होता.

मी दोन-तीनदा तरी पुन्हा विचारलं. एकदा म्हणाले, जादा पैसे कशाला भरायचे. एकदा म्हणाले, वसंतात आपण इथे नसूच. मग मी ड्राय क्लीनरच्या दुकानापलीकडे इन्शुरन्सचं एक छोटं ऑफिस होतं तिथे एकटीच गेले. तिथली बाई माझ्याच वयाची, बोलायला मऊ होती. तिनं सगळं समजावून सांगितलं. बारा महिने गाडीतच राहणाऱ्यांसाठी वेगळी पॉलिसी असते. त्यात गाडीही येते आणि घरही येतं, आतलं सामान येतं, तुमच्या पायरीवर कुणी पाहुणा पडला तर तेही येतं. हप्ता बराच जास्त पडतो. पण कुठला तरी एक कायमचा पत्ता लागतो आणि गाडी ह्यांच्या नावावर म्हणून सही ह्यांचीच हवी.

"पुष्कळ जण जुनीच पॉलिसी ठेवतात," ती म्हणाली. "काही झालं नाही तर काही बिघडत नाही. तुम्ही तसं करा असं मी म्हणत नाहीये."

आमचं टपाल यायचं ते शॉमबर्गला ह्यांच्या मित्राच्या पत्त्यावर. पुण्याला दोघं हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेले, अमेरिकेत मागेपुढे आलेले. त्याचाच पत्ता द्यावा असं मी ह्यांना म्हटलं. नाही म्हणाले नाहीत, मला तेवढंही पुरे झालं. रविवारी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसबाहेरच्या पब्लिक फोनवरून मी फोन लावला. हे शेजारी उभे होते.

मित्रानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, टपालाचं काही नाही, येऊ दे हवं तेवढं. पण इन्शुरन्स म्हणजे कसं, उद्या काही केस झाली तर माझ्या घरावर यायची. तुम्ही इथे राहता असं मी लिहून कसं देऊ? गैरसमज करून घेऊ नका."

"नाही हो भाऊजी, तुमचं बरोबर आहे."

"त्याला द्या ना फोन."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. मी सांगितलं की ते जरा बाहेर गेलेत, आणि फोन ठेवला. गाडीकडे चालत येताना हे एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मी पण हेच केलं असतं." त्यानंतर त्यांनी त्या मित्राला कधी फोन केला नाही. त्याचे दोन-तीन आले, ते मीच घेतले.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगी स्टेट कॉलेजहून, तिच्या युनिव्हर्सिटीच्या गावाहून, बसनं आली. ड्रायव्हरच्या सीटच्या वर माळ्यासारखी जागा होती तिथे झोपायची. एवढी उंच मुलगी, पाय मुडपून. तिथे बसलं तरी डोकं छताला लागायचं. मी वांग्याची भाजी आणि मसालेभात केला होता. जेवताना मी तिला पत्त्याचं विचारलं.

"शुअर, आई. माझा दे," ती म्हणाली. "आम्ही चौघी राहतो तिथे, नोबडी केअर्स." मग जरा थांबून म्हणाली, "पण कुणी फोन केला तर काय सांगायचं? यू लिव्ह विथ मी?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "हो," म्हणाले. "आईबाप माझ्याकडे राहतात म्हणून सांग."

"बाबा, इट्स जस्ट पेपरवर्क."

"तेच म्हणतोय मी."

ताटं मी धुतली, मुलीनं पुसली. परत जाताना बसस्टॉपवर तिनं मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "आई, मी फ्रेंड्सना सांगितलंय की तुम्ही ट्रॅव्हल करताय. डोन्ट बी मॅड." मी तिच्या कोटाची बटणं लावत राहिले. रागवायचं कशाला? आम्हीही सगळ्यांना तेच सांगत होतो.

पत्ता शेवटी मी मुलीचाच दिला. डिसेंबरात इन्शुरन्सच्या बाई गाडी बघायला आल्या. बुटांचा बर्फ पायरीवर झटकून आत आल्या, बसायला जागा एकच होती तिथे बसल्या. मी चहा टाकला. बाईंनी थोडे फोटो काढले, मग ह्यांना विचारलं, "हे तुमचं राहतं घर आहे?"

हे गप्प. बाईंना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा गाळत होते, ती थांबले. मला वाटतं, मी नको म्हटलं असतं तर ते त्या क्षणी उठून गेले असते आणि त्यांना बरं वाटलं असतं. पण मी पुन्हा चहा गाळायला लागले.

"हो," हे म्हणाले.

"केव्हापासून?"

"आमचं घर गेलं तेव्हापासून."

बाईंना तारीख हवी होती. त्यांनी पेन तसंच धरलं आणि खाली बघितलं. तारीख मी सांगितली. मग त्यांनी आतल्या मौल्यवान वस्तू विचारल्या. हे म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, शिवणाचं मशीन आहे. बाईंनी ते लिहून घेतलं. ह्यांनी सही केली, बाईंना पायरीपर्यंत सोडलं, जपून उतरा म्हणाले आणि आत येऊन बुटांसकट पलंगावर आडवे झाले. भर दुपार होती. मी त्यांचे बूट काढले तरी डोळे उघडले नाहीत.

मला वाटलं होतं, एकदा हे झालं की माझी छाती हलकी होईल. गॅस पेटवताना आता पूर्वीसारखी धास्ती वाटायची नाही, हे खरं. पण ह्यांच्या बोलण्यातून काहीतरी गेलं. त्याआधी ह्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य पुढचं असायचं. घर घेतलं की बेसमेंट कोरडं बघून घेऊ, परत गेलो की त्या सुताराला बोलवू, मुलीच्या लग्नाला मागचं अंगण पुरेल. मला कधी कधी त्याचा कंटाळा यायचा. त्या दुपारनंतर ते एकदम बंद झालं. कामावर जायचे, यायचे, जेवायचे. मी मुद्दाम काहीतरी काढायचे, "घर घेतलं की मला शिवणाला एक खोली हवी बरं का." हे "हं" म्हणायचे.

वीजकेंद्राचं कामही रखडलं. मार्चमध्ये ह्यांचं कंत्राट संपलं आणि पुढचं आलं नाही. आम्ही तिथेच राहिलो, माझ्या शिवणावर. हे दिवसभर गाडीत. मी कामावरून यायचे तेव्हा सकाळी जिथे बसलेले असत तिथेच दिसत. दिवाही लावलेला नसे.

त्या वसंतात पाऊस लागून राहिला. पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात भिंतीवर एक पिवळा डाग आला. मी फडक्यानं पुसला तर तिथली भिंत हाताला मऊ लागली. ह्यांना दाखवलं. ह्यांनी बोट टेकवलं आणि ते पेरापर्यंत आत गेलं. छताच्या सांध्यातून कित्येक महिने, कदाचित आम्ही घेतली तेव्हापासून, पाणी झिरपत होतं. आतलं लाकूड सगळं कुजलं होतं, पलंगापासून पार दरवाजापर्यंत.

मी बाईंना बोलावलं. त्यांनी भिंत बघितली, पावसात बाहेर जाऊन छत बघितलं. भिजलेल्या केसांनी आत आल्या आणि म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं. वादळानं छत उडालं असतं, झाड पडलं असतं, तर मिळालं असतं. हळूहळू झिरपलेलं पाणी पॉलिसीत येत नाही. कुठल्याच पॉलिसीत येत नाही."

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं. मीच सगळं घडवून आणलं होतं. हे रागावतील, निदान "सांगितलं होतं" म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी बाईंना छत्री दिली. गाडीपर्यंत भिजू नका म्हणाले.

ती गाडी मग कॅम्पग्राउंडच्या मालकानंच सुट्या भागांसाठी घेतली. मुलगी तोवर शिकून न्यूयॉर्कला नोकरीला लागली होती आणि जर्सी सिटीत राहत होती. तिनं आम्हाला बोलावून घेतलं. उंच इमारतीत दोन खोल्या, खालून ट्रेन जायची. मुलगी आम्हाला झोपायची खोली देऊन स्वतः सोफ्यावर झोपायची. मी कोपऱ्यावरच्या ड्राय क्लीनरकडे तेच काम धरलं. हे खिडकीशी बसायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी हातावर ठेवल्या की घ्यायचे.

वर्षभरानं शिकागोच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. दक्षिणेकडे एका कारखान्यात पाइपांचं काम निघालं होतं. कंत्राटी नव्हे, कायमचं. त्याला ह्यांचीच आठवण झाली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिले. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. आभार मानले, बायकामुलांची चौकशी केली. मग नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

"अहो, का नाही म्हणालात?"

"मला येत नाही ते आता," हे म्हणाले. "विसरलो."

ते काहीही विसरले नव्हते. मी कुकरचा गॅस बारीक केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मुलगी यायला अजून वेळ होता.