हात नसलेली गौर

भाद्रपदात मंडईत कळलावीची फुलं दिसली, की मला जोतिबाच्या डोंगराखालचा गवताळ माळ आठवतो. नव्वदच्या दशकात, लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला, मी शेजारच्या काकींबरोबर तिथं गेले होते. मला दिवस गेलेले होते. पानांच्या टोकांची वेटोळी गवताच्या काड्यांना घालून कळलावी उभी होती. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, मागं उलटलेल्या. कॉलेजात ती आम्हाला लिलीच्या कुळातली, मुळापासून फुलापर्यंत विषारी, म्हणून शिकवलेली. आमच्याकडं मात्र तेरड्याच्या जुडीत हीच फुलं खोवतात, ते गौरीचे हात. मी दोन फुलं खुडून काकींपुढं धरली. त्यांनी घेतली नाहीत. "तुमच्या गौरीला हात नकोत?" "नगंत." जरा वेळानं तेरडा उपटता उपटता त्याच म्हणाल्या, "सून अडली हुती. लवकर सुटंल म्हणून कुणीतरी ह्या कळलावीचा कंद उगाळून पाजाय सांगितला. मीच उगाळला. बाळ-बाळंतीण दोघंबी गेली." मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "तू सरळ दवाखाना गाठ. घरात कोण काय पाजाय लागलं, तर तोंड उघडू नगंस." संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, तर नुसत्या तेरड्याची गौर पाटावर होती आणि तिच्यापुढं सुनेचा हिरवा चुडा. यंदा माझी सून पोटुशी आहे. मंडईत मी तेरडा तेवढा घेतला. फुलवाली म्हणाली, "हात ऱ्हायलं की, ताई." मी म्हणाले, "नगंत."