सगळं धरून दोन दिवस

आमच्या रिसॉर्टवर पाहुण्यांची जेवणं आटोपली की स्टाफ जेवायला बसतो, आणि स्टाफ बसला की किस्से सुरू होतात. ते कधी कमी पडत नाहीत, कारण प्रत्येक पाहुणा जाताना टॉवेल नेतो आणि किस्सा ठेवून जातो. पण इथले हक्काचे किस्से माझ्या घरच्यांचे आहेत. नवीन माणूस कामाला लागला की आधी त्याला ते ऐकवतात, मग युनिफॉर्म देतात. त्यात मीठमसाला इतका घालतात की परवा मला माझी स्वतःची आत्या ओळखू आली नाही. तेव्हा एकदाच काय ते माझ्या तोंडून ऐका.

रिसॉर्ट शेंदूरजनाघाटच्या अलीकडे, संत्र्यांच्या बागांमध्ये. आधी तिथे नुसतं लग्नाचं लॉन होतं आणि एक गळकं कारंजं. अमरावतीच्या एका तरुण मालकानं ते विकत घेतलं, सगळं नवं केलं, कॉटेज बांधली, त्यांना कापूस, तूर, संत्रा अशी नावं दिली आणि जाहिरात केली: एकदा बुकिंग केलं की राहणं, खाणं, पोहणं, बैलगाडीतून फिरणं, सगळं त्यातच. बाबांनी त्याचं भाषांतर केलं, "म्हंजे सगळं धरून."

ती वर्षं अशी होती की आमच्या बार्शीटाकळीकडे कापसाला भाव नव्हता, दिवसा वीज नव्हती, आणि गावोगाव पाहणी पथकं आणि टीव्हीचे कॅमेरे मात्र होते. अशात बैलगाडीत बसायला लोक पैसे देऊन येतील, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसेना. मी अमरावतीत हॉटेल मॅनेजमेंट करून इथे रिसेप्शनला लागले, तेही बाबांना पसंत नव्हतं. अकोटचा एक मास्तर त्यांनी माझ्यासाठी बघून ठेवला होता.

उद्घाटनाआधी मालकानं रंगीत तालीम काढली. स्टाफच्या घरच्यांनाच शनिवार-रविवार पाहुणे म्हणून बोलवायचं. बाबांनी फोनवर लगेच हो म्हटलं आणि पुढे जोडलं, "पाहतो दोन दिवस. पटलं त राह्य. नाई पटलं त रविवारी बॅग भरून ठेवजो, माह्यासंगं चालाचं." मीही तसा शब्द दिला.

* * *

शनिवारी सकाळी जीपमधून चौघं उतरले. बाबा, आई, आत्या आणि कादरचाचा. कादरचाचांचं बार्शीटाकळीत गाद्या भरण्याचं दुकान आहे आणि बाबा त्यांच्याशिवाय बाजारातसुद्धा जात नाहीत.

मालक माझ्या मागेच उभा होता, म्हणून मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "वेलकम सर. आयडी प्रूफ?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तुले माहीत नाई मी कोन हाओ?"

मी डोळ्यांनी मागे खूण केली. मग त्यांना काय समजायचं ते समजलं. त्या वर्षांत टेबलामागे बसलेला माणूस दिसला की आमच्या गावात हात आपोआप पिशवीत जायचा. बाबांनी काउंटरवर सातबारा ठेवला, बँकेचं पासबुक ठेवलं, पीक बुडाल्याच्या पंचनाम्याची झेरॉक्स ठेवली. वर म्हणाले, "अजून काही लागत असन त आत्ताच सांग. मंग चकरा मारत नाई मी."

मालकानं गंभीरपणे सातबाऱ्याची झेरॉक्स काढून घेतली. मी किल्ली पुढे केली. बाबांनी हात मागे घेतला.

"आजच? अर्ज त आत्ता केला ना!"

* * *

आता एक जुना किस्सा मधे घालावा लागेल. माझी मोठी बहीण, सुमनताई, मूर्तिजापूरला दिली आहे. बाबा तिच्याकडे जातात ते मोटरसायकलला पाण्याची छागल, म्हणजे जाड कापडाची पिशवी, टांगून. तिच्या घरी फ्रिज आहे, माठ आहे, सासूबाई सरबताचा ग्लास घेऊन पुढ्यात उभ्या राहतात. बाबा हात जोडतात आणि अंगणात जाऊन छागलीतलं कोमट पाणी पितात. लेकीच्या सासरचा थेंबही घ्यायचा नाही, असं त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय.

एका मे महिन्यात छागल रस्त्यातच फाटली. तरी बाबा सुकल्या ओठांनी जावयाशी दुपारभर गप्पा मारत बसले, आणि निघाल्यावर स्टेशनसमोरच्या टपरीवर उभ्यानं उसाचा रस मागितला. मी बरोबर होते. भर रस्त्यात भांडले. ताई आत जाऊन रडली ते दिसलं नाही का, हा कुठला मान, तिला कुणी विचारलं का, सगळं बोलून घेतलं. बाबांनी ग्लास रिकामा केला, मग म्हणाले, "लेक दिली का तिचं घर तिचं झालं. बापानं तिथं काही घ्याचं नसते."

मी तरातरा जाऊन मोटरसायकलवर मागे बसले.

तर हाच माणूस आमच्या रिसॉर्टवर आला. गेटवर पल्लवी म्हणून माझी मैत्रीण असते, वरुडची. आत येणाऱ्या प्रत्येकाला संत्र्याचं सरबत द्यायचं, हे तिचं काम. बाबा आणि कादरचाचांच्या लक्षात आलं की 'प्रत्येकाला' म्हणजे प्रत्येक वेळी. झालं! दोघं बिडीला बाहेर जायचे आणि सरबताला आत यायचे. दुपारी पल्लवी माझ्याकडे आली, तिचा सरबताचा जग रिकामा, चेहरा रडवेला.

मी गेटवर गेले. बाबांच्या हातात ग्लास होताच. मी मुद्दाम विचारलं, "बाबा, इथलं चालते वाटते? इथं त तुमची लेक राह्यते."

बाबा म्हणाले, "हे काय तुहं घर आहे? हॉटेल आहे. इथं कोनीबी पेते." आणि ग्लास पल्लवीपुढे केला.

मी परत काउंटरवर येऊन बसले. अकोटचा मास्तर मला स्पष्ट दिसायला लागला.

* * *

कादरचाचांना आम्ही 'कापूस' कॉटेज दिलं होतं. आदर म्हणून. त्यांनी आत गेल्या गेल्या गादी दाबली, वास घेतला, कोपरा उचलला आणि बाहेर येऊन जाहीर केलं की कमऱ्याचं नाव कापूस आणि गादीत कापूस नावाले नाही, नुसता फोम भरून ठेवलाय! यापेक्षा मोठी फसवणूक त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. कापसाला भाव कसा येईल, म्हणाले, वऱ्हाडातच लोक फोमवर झोपायला लागले तर? "मैं तो जमीन पे सोऊंगा. माह्या धंद्याशी बेइमानी नाई होत माह्यानं."

रविवारी सकाळी नाश्त्याची वेळ उलटली तरी चाचा येईनात. आई घाबरली. बाबा दार वाजवायला गेले, मीही मागे धावले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. गालावर उशीची घडी उमटलेली, केस उभे.

"रातभर डोळा नाई लागला," चाचा म्हणाले.

बाबांनी आत डोकावून पाहिलं. चाचांची घरची सतरंजी सुटकेसवर होती, जशी आणली तशी, दोरीसकट.

घरी परतल्यावर चाचांनी सगळ्यांना सांगितलं की फोम तब्येतीला वाईट. फक्त मला फोन करून हळूच विचारलं, तो कुठून मागवतात.

* * *

आत्याचा किस्सा पाण्याचाच, पण वेगळा. आमच्याकडे नळ रोज येत नाही. कधी येईल ते नळालाच माहीत. त्यामुळे वाहता नळ दिसला की आत्याच्या हातांना थांबवणं कुणाला जमत नाही. तिला जे कॉटेज दिलं त्यात बाथटब होता.

शनिवारी दुपारपर्यंत सगळ्या खोल्यांचं पाणी गेलं. प्लंबर पाइपलाइन तपासत फिरला. गळती कुठेच सापडेना. शेवटी मी आत्याच्या खोलीत गेले. टब काठोकाठ भरलेला, त्यावर स्वच्छ चादर ताणून चारी कोपऱ्यांना वजन ठेवलेलं. बादल्या, मग, फुलदाणी, चहाची किटली, सगळं भरलेलं. आणि शॉवर चालू, खाली कचऱ्याचा डबा.

मी खूप बोलले. आवाजही चढला. इथं चोवीस तास पाणी असतं, हे रिसॉर्ट आहे, तुझं गाव नाही, नव्या टाकीची वाट लावलीस, सगळं.

आत्या शांतपणे म्हणाली, "असते म्हंतेस चोवीस तास. मंग आत्ता कुठी आहे?"

याच्यावर मी काही बोलायच्या आत दार वाजलं. बाहेर आमचा मालक उभा, हातात बादली, अंगाला साबण, खांद्यावर टॉवेल. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पाणी फक्त इथंच आहे.

आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्या टबाले हात नको लावू, ते पियाचं आहे. बादलीतलं घे. अन् मांगं कोनी असन त त्याले म्हन, रांगेत ये!"

* * *

आईचा किस्सा आमच्या शेफला विचारा. कौस्तुभ त्याचं नाव, पुण्याचा. पहिल्या दुपारी त्यानं आईबाबांच्या खोलीत भजी पाठवली. ट्रे परत आला तर ट्रेमध्ये तिळाचे लाडू. त्याला वाटलं, पाहुणे सामान विसरले. परत पाठवले. आईला वाटलं, लाडू आवडले नाहीत. तिनं त्याच ट्रेमध्ये धापोडे घातले. ज्वारीचे पापडच ते, पण कौस्तुभनं कधी खाल्ले नव्हते. तो थेट रिसेप्शनला आला. तुमच्या मातोश्री नाराज आहेत का, म्हणून विचारत होता.

मी समजावलं की आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यानं विचार केला. मग विचारलं, "कुठलंही भांडं?"

त्यानंतर आईच्या खोलीत काय काय जायला लागलं! एका वाटीत लिंबाची फोड. एका ताटलीत दोन टूथपिक. एकदा नुसतीच बशी, झाकून. रविवारी दुपारी किचनमध्ये गेले तर शेफच्या कपाटात चिवडा, शेवया, लाडू आणि धापोड्यांची चळत, आणि आईची पिशवी रिकामी. आई मात्र खूश. म्हणाली, पोरगा चांगल्या घरचा दिसतो, पण जेवायला फार कमी वाढतात इथं.

* * *

रविवारी चारच्या सुमाराला मालकानं सगळ्या पाहुण्यांना लॉनवर बसवलं, प्रत्येकाला विचारलं, कसं वाटलं, काही सूचना? बाबांची पाळी आली तसे ते उठून उभे राहिले. पथकासमोर असंच उभं राहायचं असतं. म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. पांदन रस्त्याचं पाहा. अन् वीज दिवसा द्या."

मालकानं ते लिहून घेतलं! नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, शेतात जायचा पांदण रस्ता आपल्या हद्दीत येतो का. मी म्हटलं, नाही. त्यानं विचारलं, जनरेटर कधी लावायचा. मी सांगितलं. बैलगाडी आत्ता सोडायची की ऊन उतरल्यावर, टाकीवर दुसरी मोटर बसवायची का, उद्या किती माणसं लागतील. मी सांगत गेले. बाबा झोपाळ्यावर बसून बघत होते.

मालक गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. "हा पोट्टा दरेक गोष्ट तुलेच काहून इचारते?"

"मले माहीत असते म्हणून."

"घरी त तुले कोनी काही इचारत नाई."

"तेच त सांगून राहिली मी दोन वर्षांपासून," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

बाबांनी झोपाळा पायानं थांबवला, आणि मग पुन्हा हलवला. शेजारी कादरचाचा आपल्याला ऐकू येत नसल्यासारखे संत्रं सोलत होते.

* * *

आणि मग निघायची वेळ. मी बॅग भरली होती. शब्द दिला होता, भरली. काउंटरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी आणून ठेवली. आईनं ती पाहिली आणि पदराला हात पुसायला लागली. आत्या जीपमध्ये जाऊन बसली. बाबांनी टोपी नीट केली, बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मी हट्टानं बॅग जागची हलवली नाही.

तेवढ्यात पल्लवी ट्रे घेऊन आली. जाणाऱ्या पाहुण्यालाही सरबत द्यायचं, हा मालकाचा नवा नियम. आईनं ग्लास उचलला. कादरचाचांनी उचलला. ट्रे बाबांपुढे आला.

बाबांनी हात जोडले. "नको माय. आमी पुढं टपरीवर घेऊ."

पल्लवी थक्कच झाली. "काका, दोन दिवस माह्या जगमधी थेंब ठेवला नाई तुमी. अन् आज काहून नाई?"

"तवा हॉटेल होतं," बाबा म्हणाले, आणि जीपकडे चालायला लागले. एकटेच, मोकळ्या हातांनी.

आईनं ओठाशी नेलेला ग्लास तसाच ट्रेमध्ये परत ठेवला.

कादरचाचांनी आपला ग्लास संपवला. मग आईचा उचलला. मग बाबांचा. पल्लवी त्यांच्याकडे बघायला लागली तसे म्हणाले, "मेरेकू क्या देखती? आमच्यात चालते!"