मुकी सून आणि उजवी दाढ

माझ्या तोंडातली सगळ्यात धडधाकट दाढ मलकापूरला येणाऱ्या डॉक्टरनं मोठ्या मेहनतीनं दुरुस्त केली. तिला काहीच झालं नव्हतं. दुखत होती ती उजवीकडची, आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नसे. पदर नाकापर्यंत, आणि काही सांगायचंच असलं तर भांडं वाजवायचं, नाहीतर नवऱ्याकरवी सांगायचं. घरात तीन माणसं : मामाजी म्हणजे माझे सासरे, आमचे हे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. कापसाचा हंगाम, त्यामुळे हे परगावच्या जिनिंग कारखान्यातच मुक्कामाला अडकलेले (अडकलेले कसले, सुटलेले!). त्यात माझी दाढ ठणकायला लागली. जेवण सुटलं. गालावर हात धरून मी चुलीपुढे बसून राहायची.

बाजारात चिमट्यानं दाढ उपटून देणारा एक जण बसायचा, सगळं गाव त्याच्याकडेच जायचं. पण मामाजी म्हणाले (मला नाही, म्हशीकडे तोंड करून), "उपटाची नाही. पोरीचं वय काय? आतापासून दात गेले तं जेवन कायनं?" नागपूरहून दर आठवड्याला आगगाडीनं एक दातांचा डॉक्टर मलकापूरला यायचा. मामाजींनी गाडी जुंपली आणि मला तिकडे नेलं.

हा डॉक्टर सहसा दाढ काढत नसे. आतली नस मारायची, बारीक सुईनं मूळ साफ करायचं आणि मग वरून भरायचं, ही त्याची रीत. त्याला दोन-तीन खेपा लागत. पायानं चालवायचं त्याचं यंत्र आमच्या शिंप्याच्या मशीनसारखं दिसायचं. त्यानं विचारलं, कुठली दाढ दुखते? मी गप्प. मामाजी शेजारी उभे ना! मग त्यांनीच उत्तर दिलं, स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवून. मी चुलीपुढे बसायची तेव्हा समोरून पाहताना उजव्या गालावरचा माझा हात त्यांना आपल्या डावीकडे दिसला होता. मी पदराआडून उजवा गाल दाबून दाखवला, तर डॉक्टरला वाटलं बाई लाजतेय. डाव्या दाढेवर एक काळा ठिपकाही नेमका होताच. सुई टोचली तशी मी कण्हले, आणि मामाजी समाधानानं म्हणाले, "हेच हाय, डॉक्टरसाहेब."

त्या डॉक्टरचं एक दुःख होतं. नस मेली, दुखणं थांबलं, की रोगी पुन्हा फिरकत नसत. मूळ साफ करायचं राहायचं ते राहायचंच. मी मात्र दर आठवड्याला हजर. माझं दुखणं थांबतच नव्हतं, काय करणार! शेवटच्या खेपेला त्यानं मामाजींजवळ माझी तारीफ केली, असा शहाणा पेशंट सगळ्या वऱ्हाडात पाहिला नाही म्हणून. मामाजींची छाती फुगली.

त्या कौतुकात त्यांनी जिलबी घेतली आणि परतीच्या वाटेवर निंबाखाली गाडी सोडली. डावी दाढ नुकती भरलेली, म्हणून मी उजवीकडून घास चावला, आणि जिलबी हातात धरून रडायलाच लागले. मामाजी घाबरले. मग गाडीच्या दांडीवर माझ्याकडे पाठ करून बसले.

"तुही सासूबी अशीच होती," ते म्हणाले. "पोटात दुखे, पण माह्या बापासमोर सांगन कशी? मले समजलं तवा काही राह्यलं नव्हतं." मग बैलांकडे पाहतच म्हणाले, "तू बोल माय. मी पाहत नाही तुह्याकडे."

सासरी आल्यापासून त्यांच्याशी मी बोललेला पहिला शब्द हा :

"मामाजी, दाढ उजवी होती."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसताहेत. हसतच होते, पण वळले तेव्हा चेहरा ओला होता. मलाही राहवलं नाही. एकमेकांसमोर आम्ही मोकळेपणानं रडलो आणि जिलबी बैलांनी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरनं उजवी दाढ पाहिली आणि कपाळाला हात लावला. ती काढावीच लागली. म्हणजे चांगली होती ती मेली आणि दुखरी होती ती गेली. वर मामाजी गावभर सांगत सुटले, "आपली सून बोलते." तेव्हापासून मी जी सुरू झाले! शेत, म्हैस, शेजारीण, ह्यांच्या तक्रारी, सगळं मामाजींच्या कानावर. हे वैतागायचे, पण मामाजी म्हणायचे, "बोलू दे रे. घर भरल्यासारखं वाटते."

पुढे कित्येक वर्षांनी मामाजींनी अंथरूण धरलं. तेव्हाही उशाशी बसून मी बोलायची. एका दुपारी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सांग, पुढं काय झालं?" मी म्हशीची गोष्ट सांगायला घेतली, ती चांगली रंगवून, शेवटपर्यंत सांगितली. मामाजी मध्येच कधी गेले, ते मला कळलंच नाही. मी बोलत होते ना!