अण्णांना मी धीट केलं

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या शिंत्रे गुरुजींमुळे झालं. घोटाळे मात्र मी स्वतःच्या हिमतीवर केले. घराण्यातला पहिला पदवीधर व्हावा म्हणून गुरुजींनी मला अक्षरशः कान धरून कॉलेजात नेलं होतं.

नव्वदच्या दशकात मी बंगळुरात एका कारखान्यात सुपरवायझर होतो. कंपनीने आम्हाला हॉटेलात बसवून प्रेरणेचं प्रशिक्षण दिलं. टायवाले प्रशिक्षक म्हणाले, "माणसाला ढकलू नका, आतून पेटवा!" जेवण उत्तम होतं, त्यामुळे मला सगळंच पटलं.

घरी आल्या आल्या बायकोला पेटवायला घेतलं.

"सुमन, तुझं ध्येय काय?"

"तुमची अंघोळ. पाणी जाईल आता."

"त्याहून मोठं सांग!"

"हे घर. मराठी बोलणारे मालक, कोपऱ्यावर पोरीची शाळा. जे. पी. नगरात असं पुन्हा मिळायचं नाही. मी इथून हलणार नाही, सांगून ठेवते!"

(प्रशिक्षणाच्या भाषेत हे ध्येय नव्हे, हट्ट. मी अंघोळीला गेलो.)

मालक म्हणजे खाली राहणारे अण्णा. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे आले, आणि घराण्यातलं शौर्य बहुधा तेव्हाच संपलं. चिकपेटेतल्या त्यांच्या दुकानात कुणी साडी चांगली नेसून, चुरगाळून परत आणली, तरी माफी अण्णाच मागत!

एका रविवारी ते वर आले. घसा खाकरला, कॉफी प्याले, पुन्हा खाकरला.

"माने, एकाला एक गोष्ट सांगायचीय हो. स्वल्प कठीण. माणूस देवासारखा. माझं तोंडच उघडत नाही."

माझा ऊर भरून आला. पेटायला माणूस स्वतःहून आला होता!

"तो माणूस म्हणजे..." अण्णा चाचरले.

"नाव सांगू नका!" मी ओरडलो. "पहिला नियम! माणूस बघायचा नाही, आपली भीती बघायची!"

गच्चीवर तालीम सुरू झाली. तो अज्ञात माणूस (माझ्या अंदाजाने उधारी थकवलेला) मी झालो, आणि झालो तोही जीव ओतून.

"अण्णा, पुढच्या महिन्यात बघू की."

"सरी, सरी, चालेल. सावकाश बघा."

"चूक! म्हणायचं, 'मागच्या महिन्यातही पुढचाच महिना होता. तारीख सांगा!'"

"आणि त्याची बायको रडली तर?"

"रडू द्या! तिला पाणी द्या आणि तारीख मागा!"

हळूहळू अण्णा पाण्याच्या टाकीवर मूठ आपटून गरजू लागले. कपडे वाळत घालणाऱ्या सुमनने विचारलं, "अहो, एवढी तयारी कुणासाठी?"

"असेल कुणी बिचारा!" मी म्हणालो.

पुढच्या रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून वर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, नजरेला नजर दिली.

"माने, धाकट्याचं लग्न ठरलं. आम्हाला वरचं घर पाहिजे."

"शाबास! आवाज अगदी पोटातून आला!" मी टाळी दिली. "आता हेच जाऊन त्या माणसाला सांगा."

"सांगितलं की."

सुमनच्या हातातली बशी खाली पडली. मग मला कळलं.

"अण्णा, अहो, पोरीची शाळा... पुढच्या महिन्यात बघू की..."

"मागच्या महिन्यातही पुढचाच महिना होता. तारीख सांगा!"

सुमन रडायला लागली. अण्णांनी तत्परतेने तिला पाणी दिलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. (विद्यार्थी नको इतका हुशार निघाला!) माझ्याकडच्या सगळ्या सबबी मी तालमीतच वापरून संपवल्या होत्या. मी तारीख सांगितली.

त्यावर अण्णाच मला मिठी मारून रडले. "माने, जन्मात पहिल्यांदा कुणाला काही ठणकावून सांगितलं! तुमच्यामुळे!" त्यांच्या बायकोने, अक्कांनी, आनंदाने खालून पुरणाची होळिगे पाठवली. मी भरपूर खाल्ली. सुमनने शिवली नाही.

सामान हलवून झाल्यावर गुरुजींना पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार. आपण मला घडवलंत, तसं मीही कुणाला घडवावं अशी माझी फार इच्छा होती. आपल्या आशीर्वादाने ती पुरी झाली. एक भिडस्त गृहस्थ माझ्या शिकवणीने इतके धीट झाले की आता कुणाचंच ऐकत नाहीत. सौ.लाही माझा अभिमान वाटत असावा; तूर्त ती बोलत नसल्याने नक्की कळलेलं नाही. वर नवा पत्ता लिहिला आहे, उत्तर तिथेच पाठवावं. मात्र त्यात मला उत्तेजन देऊ नये. आमच्याकडे पत्र आधी सौ. फोडते."