क्रुसावरचे ओले टॉवेल

पाहुणे घर सोडून गेले की पिएदाद कुलास आधी नाक पुढे करते आणि मग झाडू. खोलीच्या दारात उभं राहून एक लांब श्वास घेतला की तिला कळतं, कुणी कुठे काय घाण करून ठेवलीय. पलंगाखाली कोलंबीची टरफलं, उशीच्या खोळीला केसांचा कलप, न्हाणीघराच्या कोपऱ्यात समुद्राची वाळू. एकदा तर बेसिनात कुणीतरी मासे तळलेलं तेल ओतलं होतं आणि वर भातही टाकला होता. चार दिवसांच्या सुट्टीवर निघताना माणसं आपली रीतभात घरी कपाटात ठेवून कुलूप लावतात की काय, देव जाणे. पिएदाद आधी सगळं झाडून काढते. चादरी उकळते, उन्हात घालते, इस्त्री करून अशी अंथरते की सुरकुती शोधून सापडायची नाही. कुवेतला एकोणीस वर्षं परक्यांच्या घरात हेच केलं होतं तिनं.

त्या कुवेतच्या पैशातून या घरावर नवी कौलं चढली. पण घर भावाच्या नावावर, आणि भाऊ गेल्यावर त्याच्या मुलाच्या, आग्नेलच्या. आग्नेल बायको-मुलीसह इंग्लंडात, स्विंडनला. तीन वर्षांपूर्वी त्यानं घराला रंग दिला, खोल्यांतून एसी बसवले, इंटरनेटवर फोटो टाकले आणि घर दिवसावर भाड्यानं द्यायला काढलं. पिएदाद मागच्या बाजूच्या जुन्या स्वयंपाकघरात राहायला गेली. "तिया, तू हक्कानं राहा," तो फोनवर म्हणाला होता. "फक्त साफसफाईवर लक्ष ठेव." आत्याला बरंच वाटलं. बंद खोल्या उघड्या राहतील, दिवे लागतील, एवढाच विचार तिच्या मनात. भाबडी, दुसरं काय!

पाहुण्यांसाठी तिनं स्वतःच्या हातानं एक कागद लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावला होता. मडगावच्या नन्सनी घोटून घेतलेलं ते वळणदार अक्षर. पाय विहिरीवर धुऊन आत यावं, तेल बेसिनात ओतू नये, रात्री दहानंतर गाणी लावू नयेत. आणि शेवटी, खाली रेघ मारून: अंगणातल्या क्रुसावर बसू नये. कागद छान होता. तीन वर्षांत तो वाचताना तिनं फक्त एका शाळकरी मुलीला पाहिलं.

क्रूस घरापुढेच आहे. पुरुषभर उंच, चुन्यानं रंगवलेला, पायथ्याशी मेणबत्तीचा कोनाडा. आग्नेल अकरा महिन्यांचा असताना तापानं फणफणला, डॉक्टरनं हात टेकले. तेव्हा पिएदादची आई भर दुपारी त्या पोराला घेऊन या क्रुसापुढे गुडघे टेकून बसली आणि नवस बोलली, की पोर वाचलं तर दर मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी इथे लदाइन होईल, म्हणजे सगळ्या वाडीनं जमून म्हणायची गाण्यातली प्रार्थना. पोर वाचलं. छत्तीस वर्षं लदाइन चुकली नाही. कुवेतहून पिएदाद रजा घ्यायची ती मे महिन्यातच. मरताना आईनं तिचा हात धरून एवढंच मागितलं होतं.

म्हणून फेब्रुवारीतच तिनं आग्नेलला फोनवर सांगून ठेवलं, की तो शनिवार मोकळा ठेव. तो हो हो म्हणाला आणि विसरला. मे महिन्यातल्या त्या आठवड्यात गुरुवारी दोन गाड्या येऊन थांबल्या. नऊ माणसं, सोमवारपर्यंत मुक्काम. कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हुश्श, आपल्याकडची नव्हती! पिएदादनं मनाची समजूत घातली. तासाभराचं तर काम, त्यांनाही बोलावू, प्रसादाचे चणे देऊ.

शनिवारी दुपारी चणे खोबरं घालून चुलीवर शिजत ठेवले आणि क्रुसाला घालायचा आबोलीचा वळेसर घेऊन ती अंगणात आली. क्रुसाला मंगळवारीच ताजा चुना लावला होता. त्या चुन्यावर, क्रुसाच्या दोन्ही हातांवर ओले टॉवेल आणि पोहायच्या चड्ड्या वाळत घातल्या होत्या. पाणी ठिबकून चुन्याचे ओघळ आले होते. कोनाड्यात बिअरचा चेपलेला डबा आणि सिगारेटची थोटकं.

तरी हाताची सवय जात नाही बघा, तिनं एकेक कपडा काढून नीट घडी घातली आणि घड्या पडवीतल्या खुर्चीवर ठेवल्या. त्यांच्यातली एक बाई बाहेर आली आणि आमच्या कपड्यांना हात कुणी लावला म्हणून विचारू लागली. पिएदाद शांतपणे म्हणाली, "बाई, हा देव आहे आमचा. कपडे वाळत घालायला मागे दोरी आहे." त्यावर त्या बाईनं फोनमधला आग्नेलनं टाकलेला फोटो उघडून तिच्या नाकासमोर धरला. त्यात अंगण होतं, क्रूस होता, खाली लिहिलं होतं: फक्त तुमच्यासाठी.

"पूर्ण जागेचे पैसे भरलेत आम्ही," बाई म्हणाली. "सोमवारपर्यंत इथे बाहेरचं कुणी आलेलं चालणार नाही."

बाहेरचं! त्या अंगणाला शेणानं सारवण्यात जिचं लहानपण गेलं, ती बाहेरची.

अर्ध्या तासात आग्नेलचा फोन आला. तक्रार त्याच्यापर्यंत पोचली होती. यंदा लदाइन वाडीच्या चॅपलात करा, म्हणाला, लोक समजून घेतील.

"नवस कुणासाठी बोललाय, ठाऊक आहे ना तुला?" पिएदादनं विचारलं.

तो म्हणाला, "तिया, ते सगळं खरं. पण एकानं वाईट लिहिलं की पुढची दहा बुकिंग जातात. तुला नाही कळायचं ते."

पिएदादला सगळं कळत होतं. पण नवस या क्रुसाचा होता, चॅपलाचा नव्हे. संध्याकाळी वाडीतली वीसेक माणसं आली तेव्हा ती फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती, हातात चण्यांचं पातेलं. व्हायोलिन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या काइतानला तिनं काय झालं ते सांगितलं. कुंपणाच्या भिंतीला टेकून त्यानं व्हायोलिन खांद्याला लावलं. रस्त्यावर उभं राहून, भिंतीपलीकडे दिसणाऱ्या क्रुसाच्या वरच्या टोकाकडे बघत सगळ्यांनी लदाइन म्हटली. पिएदादच्यानं एक ओळ धड गाववली नाही. आतून पाहुणे फोन वर धरून चित्रण करत होते. संपल्यावर त्यांच्यातला एकजण भिंतीपाशी येऊन गोड आवाजात म्हणाला, "शेवटचं परत एकदा म्हणाल का? आवाज नीट आला नाही."

चणे रस्त्यावरच वाटले.

सोमवारी ते गेले. पलंगाच्या गादीवर दारूचा लाल डाग, आणि दाराआडचा पिएदादचा कागद काढून त्यात माशांचे काटे गुंडाळलेले. इंटरनेटवर त्यांनी लिहिलं की घर चकचकीत आहे, स्वच्छतेला पाचपैकी पाच तारे. मागे राहणाऱ्या म्हातारीला मात्र पाहुण्यांशी कसं वागावं ते कुणीतरी शिकवा.

शिकवलं. पंधरा दिवसांनी मडगावच्या एका दुकानातून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक छापील कागद आला, आग्नेलनं पाठवलेला. पिएदादसाठी. पाहुणे असताना पुढच्या अंगणात येऊ नये. पाहुण्यांच्या वस्तूंना हात लावू नये. पाहुण्यांशी हसून बोलावं. असे सात नियम. तिनं ते दोनदा वाचले, स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि कागद तिरका लागत नाही ना ते लांब जाऊन पाहिलं. त्या दिवसापासून पाहुणे असले की ती क्रुसाची मेणबत्ती रस्त्याकडच्या भिंतीवर लावते.

डिसेंबरात आग्नेल बायको-मुलीला घेऊन नाताळाला आला. पिएदादनं सगळं तयार ठेवलं होतं. ताणून अंथरलेल्या चादरी, टॉवेलांच्या घड्या, दोन नवे साबण, टेबलावर किल्ली. जेवण ती मागच्या दारानं द्यायची, वाफवलेली सान्नां आणि डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, त्याला आवडतं तसं. पण पुढे म्हणून आली नाही. त्याला वाटलं, कामात असेल. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मात्र तो पुढच्या अंगणातून घराच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि त्यानं हाक मारली, "तिया, ये ना पुढे. सगळे पडवीत बसू."

पिएदाद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच उभी राहिली. "पाहुणे असताना पुढच्या अंगणात यायचं नाही मी."

"अगं, मी काय पाहुणा?" तो हसला.

"दहा-बारा दिवस राहून जाणार ना तू? मग काय म्हणू?" ती म्हणाली. आवाज चढला नाही, हसून बोलावं हा नियमही तिनं पाळला. "आणि तो टॉवेल मी केव्हाच काढला असता. पण पाहुण्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही."

आग्नेलला आधी कळेना. मग त्यानं मागे वळून पाहिलं. दुपारी समुद्रावरून आल्यावर त्याच्याच पोरीनं आपला ओला टॉवेल क्रुसावर टाकला होता आणि सगळी दुपार तिथून जाता-येता तो कुणाच्या डोळ्याला खुपला नव्हता. त्यानं जाऊन टॉवेल काढला. परत वळला तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं.

भिंतीवरचा कागद काढून टाक, असं काही तो म्हणाला नाही. पिएदाद वाट पाहत होती, तो जाईपर्यंत. दोन तारखेला ती तिघं विमानतळावर गेली. पिएदादनं खोलीच्या दारात उभं राहून एक लांब श्वास घेतला, चादरी काढल्या आणि चुलीवर उकळायला ठेवल्या.