फ्रीजला भुशाचा कोट

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी मी आमच्या फ्रीजला भुशाचा कोट घातला. गोंदियाच्या उन्हाळ्यात माणसाला अंगावरचं बनियनही जड होतं, तिथं फ्रीजला कोट कशाला? वीज वाचवायला!

लोडशेडिंगची वर्षं होती ती. वीज आली की फ्रीज घरघरायला लागायचा आणि मीटरची चकती त्याच्या तालावर फुगडी घालायची. मी राईस मिलमध्ये वजनकाट्यावर होतो. मिलच्या फाटकाशी बर्फगोळेवाला उभा राहायचा. त्याची बर्फाची लादी धानाच्या भुशात, गोणपाटाखाली, संध्याकाळपर्यंत सुखानं लोळत पडायची. वीज नाही, मोटर नाही, काही नाही! ते बघता बघता माझी तंद्री लागली. (तंद्री लागणं हा माझा जोडधंदा.) भुसा बर्फाला सांभाळतो, मग फ्रीजला का नाही सांभाळणार? आणि मिलच्या मागे तर भुशाचे सोनेरी डोंगर! त्यातूनच चार चुंगड्या, म्हणजे पोती, भरून मी घरी आणल्या.

फक्त दिवस चुकला. त्या वर्षी विहारातल्या खिरीची जबाबदारी महिला मंडळानं पहिल्यांदाच माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे दिली होती. सकाळीच वस्तीतलं घरोघरचं दूध गोळा झालं, उकळलं, आणि वीज आहे तोवर म्हणून कोमट असतानाच दुधाचा भला मोठा गंज, म्हणजे पातेलं, फ्रीजमध्ये गेला.

"चंद्र निंगाला का खीर वाटाची हाय," विहार सजवायला निघताना सुनंदा म्हणाली. "दुधाले काही झालं तं मी वस्तीत तोंड दाखवू शकत नाही. तुमी फ्रीजले हात लावू नका जी!"

"मी कायले हात लावू?"

(हात नाहीच लावला. खांदा लावला.)

तिची पाठ वळताच मी फ्रीज भिंतीपासून तिरपा करून ओढला. आत कुठंतरी 'टुप्प' असा आवाज झाला. शास्त्रज्ञानं असल्या आवाजांकडे लक्ष द्यायचं नसतं. मागच्या काळ्या जाळीला दंड लागला, तर चटका! म्हणजे घरातली सगळी उष्णता इथूनच आत शिरते, हा शोध मी जागच्या जागी लावला आणि भुशाची सगळ्यांत टम्म चुंगडी तिथंच ठासली. मग डावीकडे चुंगडी, उजवीकडे चुंगडी, डोक्यावर एक उशीसारखी, आणि वरून सुतळी. फ्रीज गावच्या पाटलासारखा दिसायला लागला.

मी समोर चटई टाकून आडवा झालो. भुशाचा गोडसर वास घरभर पसरला होता. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान आळसावलेल्या माशीसारखं गुणगुणत फेऱ्या मारत होतं. डोळे मिटले, तर विमानात मीच! खाली जिल्हाभर भुशाचा कोट घातलेले फ्रीज उभे, धानाच्या बांध्यांमध्ये पाण्याऐवजी पांढरा बर्फ साठलेला, देवरीच्या जंगलातले साग कुडकुडत आहेत, आणि लोक वर बघून हात जोडून म्हणत आहेत, "भाऊ, आता पुरे!"

"हे काय करून ठेवलं जी?"

विमान पडलं. दुपार कलली होती आणि सुनंदा दारात उभी होती.

"इन्सुलेशन."

"मराठीत सांगा!"

"स्वेटर."

तिनं झटक्यात दार उघडलं. आतून असा वाफारा आला की तिनं पदरानं तोंड झाकलं. "अगा माय! फ्रीजले ताप आला का?"

तिनं गंज हलवला. दूध हललं नाही. तिनं पुन्हा हलवला. दूध ढिम्म! मधोमध एका वाटीची कड तेवढी वर दिसत होती.

"वरच्या कप्प्यातली दह्याची वाटी हाय ना ही?"

'टुप्प'चा उलगडा झाला. मी घरघर ऐकायला कान दिला. वीज असूनही घरघर बंद!

सुनंदा मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दारातून हाक आली, "सुनंदा, दूध आण वं!" मंडळाच्या अध्यक्ष, शेवंताबाई! त्या आत आल्या. पाटलाच्या वेषातला फ्रीज पाहिला, मला पाहिलं, मग गंजात बोट बुडवून चाटलं.

"दुपारभरात असं दही? चाकूनं कापावं असं?" त्या म्हणाल्या. "केलं कोणं?"

सुनंदानं डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघताच बोट दाखवून शांतपणे म्हणाली, "यायनं. मुद्दाम मशीन बनवली बाई. एवढ्या उन्हात गरम खीर कोण खाते? लस्सी करू म्हटलं."

मी मशीन बनवणाऱ्या माणसासारखा चेहरा केला.

साखर, वेलची खिरीसाठी आणलेली होतीच. विहाराच्या अंगणात चंद्र वर आला, तेव्हा सगळ्या वस्तीच्या ओठांवर पांढऱ्या मिशा होत्या. म्हातारी माणसं दुसरा पेला मागत होती, आणि शेवंताबाई माईकवरून सांगत होत्या, "पुढच्या वर्षीबी सुनंदाच!"

फ्रीज त्यानंतर कधी थंड झाला नाही. मेस्त्रीनं त्याला टकटक करून पाहिलं, मला पाहिलं आणि आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या जाळीऐवजी माझ्याकडे बघून मान हलवली. पण थंडी पडली, घराघरांत दही लागेना, तेव्हा शेवंताबाई झाकलेला डबा घेऊन दारात हजर!

"भाऊ, ठेवा बरं तुमच्या मशीनीत."

त्यांच्या मागे आणखी चौघीजणी.

आता हिवाळाभर वस्तीतले डबे भुशाचा कोट अजून अंगावरच असलेल्या आमच्या फ्रीजच्या उबेत गाढ झोपतात. वीज शून्य! फ्रीजची वीज वाचवण्यात इतकं संपूर्ण यश जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल. फक्त थंड पाणी प्यायचं झालं, की मला तांब्या घेऊन शेजाऱ्यांकडे जावं लागतं.