फ्लेक्सवरचं कृष्णविवर

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला काय करायचं, यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. आमच्याकडे अशा दिवशी विहारात वंदना होते, मग कुणाचं तरी व्याख्यान आणि शेवटी सगळ्या गावाला जेवण. व्याख्यान कुणाचं, हेही बाबाच ठरवून गेले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर विहारातल्या व्याख्यानांचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, आणि ‘माही पोरगी फिजिक्स शिकवते, तिले एकडाव ब्लॅक होलवर बोलवाचं हाये’ असं ते भेटेल त्याला सांगत सुटायचे.

स्मृतिदिनाच्या सकाळी मी नागपूरहून आले ती दोन कामं घेऊन. एक व्याख्यान, आणि दुसरं म्हणजे आईला घेऊन जाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता. तिचा पलंग, कपाट आणि शिलाई मशीन नागपूरच्या फ्लॅटमध्ये कुठे बसतं ते मी टेपनं मोजून ठेवलं होतं. आईला विचारलं की ती ‘पाहू’ म्हणायची. आमच्या आईचं ‘पाहू’ म्हणजे हो की नाही, हे बाबांनाही कधी कळलं नसावं. मी ते हो धरलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ते घर आईला गिळून टाकील असं मला वर्षभर वाटत होतं. कॉलेजात पोरांना तास घेताना मध्येच वाटायचं, आत्ता ती काय करत असेल. फोन लावायचे आणि ती उचलायची नाही. चार वेळा लावल्यावर उचलायची आणि म्हणायची, ‘काऊन व, काय झालं?’ जणू काही झालं असेल तर ते मलाच. फोन ठेवला की मला आणखीच करमायचं नाही. मी घरातल्या घरात फेऱ्या मारायचे.

आल्या आल्या, बसायचं नाव न घेता मी बांधाबांध काढली. डबे, भांडी, रजया गोण्यांत भरू लागले. मी भरावं आणि आईनं काढावं, असा खेळ चालला. ‘हे इथंच लागते,’ म्हणून ती पाटा काढी, परात काढी. आणि धड घरात थांबेना. विहार झाडायला गेली. परतली तशी शेजारच्या गल्लीतल्या बाळंतिणीचं बाळ न्हाऊ घालायला गेली. आई अंगणवाडीची सेविका होती. निवृत्त झाली तरी अंगणवाडीत एक चक्कर असतेच. मग नाचणगावच्या बाजाराला निघालेल्या बायकांबरोबर निघाली. मी दारात उभी राहून चडफडत होते. घर खायला उठतं म्हणून ही बाहेर बाहेर पळते, असं मी मनाशी नक्की केलं आणि गोण्यांची तोंडं आणखी घट्ट बांधली.

दुपारी पुलगावहून फ्लेक्स आला.

आमच्या भागात फ्लेक्स म्हणजे काय, हे सांगायला नको. वाढदिवस असो, निवड असो, श्रद्धांजली असो, मुख्य माणूस मध्ये मोठ्ठा आणि बाकीचे सोनेरी गोलांत. मी फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर दोन चित्रं पाठवली होती. एक कृष्णविवराचं ते प्रसिद्ध छायाचित्र, काळ्या गोलाभोवती नारिंगी प्रकाशाचं कडं असलेलं. ते मध्ये मोठं टाका म्हटलं होतं. दुसरा बाबांचा फोटो, कोपऱ्यात छोटा टाकायला. फ्लेक्स उलगडला तर वर ठळक अक्षरांत ‘कृष्णविवर आणि विश्वातील त्याची भूमिका’, आणि खाली कड्याच्या बरोबर मधोमध पांढऱ्या शर्टातले, नुकतीच दाढी केलेले माझे बाबा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोन लावला.

‘म्याडम, मधात जागा रिकामी होती ना,’ फ्लेक्सवाला शांतपणे म्हणाला. ‘आन तुमचा तो गोलाचा फोटो हललेला होता, मी साफ करून देला.’

‘अहो, ती जागा रिकामीच असते! तेच तर कृष्णविवर आहे!’

‘रिकामी बरी नाई दिसत पन. लोक म्हनतात, फोटो टाकाचा राह्यला.’

नवीन छापून आणायला वेळ नव्हता. कात्री घेऊन बाबांना कापून काढावं, असंही एक क्षण मनात आलं, आणि मग माझंच मला कसंतरी झालं. आई बाजारातून आली, तिनं पिशवी खाली ठेवली आणि फ्लेक्सकडे पाहत राहिली. पदरानं बाबांच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली. ‘हासून राह्यले,’ म्हणाली. ‘राहू दे, लाव.’

संध्याकाळी वंदना झाली. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मध्ये पोरंटोरं, आणि मी माइक धरून फ्लेक्सशेजारी. बाबांच्या नाकावर बोट ठेवून मला सांगावं लागलं, की इथून प्रकाशसुद्धा बाहेर येऊ शकत नाही. बोट काढून मी पुढे गेले. मोठा तारा विझतो, स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो, ते सांगितलं. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर आहे आणि बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या पोटात असं एक असतं, ते सांगितलं. आत पडणारा वायू पडण्याआधी इतका तापतो की लखलखतो. कधी त्याची धग दीर्घिकाभर पोचते, बाकीचा वायू थंड होऊ देत नाही, आणि मग नवे तारे जन्मायचे थांबतात. म्हणजे ते नुसतं खड्ड्यासारखं पडून राहत नाही, दीर्घिका कशी वाढणार यात त्याचाही हात असतो. लोक ऐकत होते. मी मात्र घड्याळाकडे बघत होते, डोक्यात टेम्पो होता.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेले निवृत्त गुरुजी उठले. बाबांचे जुने मित्र. त्यांनी विचारलं, ‘बाई, हे आपल्याले गिळून टाकन का कधी?’

हा प्रश्न मला दर वर्षी वर्गात येतो, त्याचं उत्तर तोंडपाठ आहे. म्हटलं, गुरुजी, कृष्णविवर काही पाण्यातल्या भोवऱ्यासारखं सगळं ओढून घेत नाही. अगदी जवळ गेलात तरच धोका. समजा, उद्या कुणी सूर्य उचलला आणि त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वी त्यात पडणार नाही. आज जशी फिरते तशीच फिरत राहील. तीच वाट, तोच वेग. वर्षसुद्धा तेवढंच.

गुरुजी मान हलवत बसले. बायकांच्या बाजूनं एक हात वर झाला. आईचा. आमच्या आईनं आजवर विहारात कधी प्रश्न विचारला नव्हता. ती शेवटी सतरंज्या गोळा करणारी. कुणीतरी माझ्या हातातला माइक नेऊन तिला दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला.

‘पृथ्वी आत नाई पडत म्हनतं?’

‘नाही पडत, आई.’

‘तशीच फिरत राह्यते?’

‘हो.’

‘मंग मले काऊन नेऊन राह्यली तू?’

सगळं गाव आता माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि मला राग आला, लाज वाटली, आणि मोठ्यानं रडावंसं वाटलं, सगळं एकाच वेळी. माइक नसल्यामुळे मला ओरडून बोलावं लागलं.

‘पण उजेड नसतो, आई! सूर्यच गेला तर उजेड कुठला? नुसता अंधार आणि थंडी असते!’

‘ते मले मालूम हाये,’ आई म्हणाली. आवाज चढला नाही, कापलाही नाही. ‘सालभर तेच पाहून राह्यली मी. पन माहं फिरनं सुटलं का?’

सकाळपासूनच्या तिच्या चकरा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. विहार, बाळंतीण, अंगणवाडी, बाजार. ती कशापासून पळत नव्हती. मीच वर्षभर एका जागी ठरत नव्हते.

‘सांग ना,’ आई माइकमधून म्हणाली.

‘नाई सुटलं,’ मी म्हणाले.